दादा कुंडात, मी काठावर

२०१३ साल. मला एकसष्टावं लागलं होतं. दादा, म्हणजे माझा थोरला भाऊ, चौसष्ट पुरा केलेला. या वयात माणसाची जळजळ कमी होते म्हणतात. दुसऱ्यांची होत असेल.

आमचं गाव घाटनांदुरापासून जीपनं अर्ध्या तासावर. वडिलांनी वाटण्या केल्या तेव्हा जमीन दोघांत फोडली, पण विहीर काही फोडता येत नाही. ती सामाईक राहिली, तिच्यावरची मोटारही. बांधाच्या अलीकडं माझी तीस मोसंबीची झाडं, पलीकडं त्याची तीस. एकाच साली, एकाच नर्सरीतून, एकाच बैलगाडीत आणलेली रोपं. तरी त्याची झाडं माझ्या आधी एक वर्ष फळाला आली. कशामुळं, ते मला अजून कुणी पटवून दिलेलं नाही.

विहिरीला पाळी होती. आदल्या साली पावसानं पाठ फिरवलेली, त्यामुळं रातभर झिरपून जे पाणी साचायचं ते मोटार पाऊण तासात उपसून टाकायची. म्हणून एक दिवस त्याचा, एक दिवस माझा. पाळी दुपारी बारापर्यंत. तोवर लाईट आली नाही तर ज्याची पाळी त्याचं नशीब. बारानंतरचं सगळं पाणी दुसऱ्याचं. आणखी एक नेम वडिलांनी घालून दिलेला होता. एकासाठी मोटार चालू असली की दुसऱ्यानं विहिरीवर फिरकायचं नाही. दोन भाऊ एका पाण्यापाशी उभे राहिले की भांडण ठरलेलं, असं ते म्हणायचे. तीस वर्षं आम्ही तो नेम मोडला नाही.

एक पाळी हुकली की मोसंबीची पानं वळायची. लागोपाठ दोन हुकल्या की झाड गेलं. शिवारातल्या निम्म्या बागांवर कुऱ्हाड पडली होती, त्यांचं सरपण लोकांच्या दारात रचलेलं होतं. दोन्ही म्हशी सरकारी चारा छावणीत बांधलेल्या. माझी तीस झाडं पावसापर्यंत ओढून न्यायची, एवढाच ध्यास मला त्या उन्हाळ्यात होता.

अन तेवढ्यात सहल निघाली. तालुक्याच्या दूध संघानं गावोगावच्या संस्थांची माणसं मुंबईला न्यायची ठरवली. मोठी डेअरी बघायची, तबेले बघायचे, मुंबई बघायची आणि येताना वज्रेश्वरीकडची गरम पाण्याची कुंडं. आमच्या गावाला दोन जागा. एक चेअरमनची, म्हणजे दादाची. दुसरीसाठी संस्थेचा सेक्रेटरी माझ्या दारात आला.

"काका, येताव का?"

"दुष्काळात सहल? येड लागलंय का बे तुमाला? माझी झाडं कोन बघंन?"

"बघा बुवा. चेअरमननं तर नवं धोतर घेतलंय."

मी म्हणालो, "निघायचं कधी?"

बायको कपाळाला हात लावून बसली. आमचा स्टार्टर शॉक मारायचा, म्हणून ती त्याला हात लावत नव्हती. मोटार चालू करणार तो दादाचा मुलगा, दोन लेकरांचा बाप असलेला गडी.

"आवं, म्हंजी आपली पाळी त्यांच्याच हातात देऊन कावून चाललाव?"

"चार दिवसांचा तर प्रश्न हाय."

तिला खरं सांगितलं नाही. खरं हे होतं, की दादानं मुंबई बघावी आणि मी छावणीत शेण उचलत बसावं, हे माझ्यानं सोसलं नसतं.

सोमवारी पहाटे बस निघाली. दादाला ड्रायव्हरच्या मागची खिडकी, मला शेवटच्या बाकड्याचा मधला खड्डा. बीड गेलं, नगर गेलं, आणि दादानं रस्त्यावरचे बोर्ड मोठ्यानं वाचायला सुरुवात केली. गावांची नावं, ढाब्यांची नावं, घाटातल्या सूचना. सगळी बस त्याचं ऐकायची. तो सातवी शिकलेला, मी दुसरी. घरात एकाला शाळा आणि एकाला म्हशी, अशी तेव्हाची वाटणी होती. मला वाचता येत नाही असं नाही. अक्षराला अक्षर जुळवेपर्यंत बोर्ड मागं जातो, एवढंच.

मंगळवारी मुंबई. पहिल्यांदा तबेला दाखवला. तिथं एक गडी रबरी नळीनं म्हशी धूत होता. विचारलं तर म्हणाला, दिवसातनं दोनदा धुतो. ती म्हैस डोळे मिटून उभी होती, पाणी शिंगावरनं ओघळून गटारात चाललं होतं. माझ्या म्हशींना छावणीत टँकरचं पाणी मोजून मिळत होतं. खोटं कशाला बोलू, मला त्या म्हशीचा हेवा वाटला. पुढं एका बागेत कारंजी गवतावर फिरत होती. त्या गवतात कुणी गुरं सोडत नव्हतं, कुणी ते कापत नव्हतं. नुसतं हिरवं दिसावं म्हणून पाणी! मी तिथं खाली बसलो आणि उठायलाच तयार नव्हतो. सेक्रेटरीनं हाताला धरून उठवलं.

चारच्या सुमाराला समुद्रावर नेलं. बाकीचे गुडघाभर पाण्यात गेले. मी आणि दादा कट्ट्यावर, मधी दोन हात जागा सोडून. त्याचा मोबाईल वाजला. मी मोबाईल ठेवत नाही. कुणी हाक मारली की खिशातनं ओ द्यायची मला सवय नाही. त्यामुळं घरची खबर कळायची ती त्याच्याच खिशातनं.

"हां, बोल," दादा म्हणाला. "सकाळधरनं न्हवतीच का?... आत्ता आली?... अन पाणी किती हाय?... मग चालू ठेव. बंद करू नको... आरं मी सांगतो ना, चालू ठेव!"

फोन खिशात घातला. माझ्याकडं एकदा बघितलं आणि समुद्राकडं तोंड फिरवलं.

मंगळवार माझा होता. लाईट सकाळपासून नव्हती म्हणजे माझी पाळी बुडाली. चारला आली म्हणजे पाणी त्याचं. माझ्या वाटणीचं साचलेलं त्याच्या झाडांना चाललं होतं, आणि नेमानं बघितलं तर त्यात त्याची काडीची चूक नव्हती. त्याची चूक असती तर मी भांडलो असतो, मोकळा झालो असतो. चूक नव्हती म्हणूनच जास्त जळलो.

विचारायला पाहिजे होतं, 'दादा, काय झालं?' तीन शब्द. पण ते तीन शब्द बोलायचे म्हणजे त्याच्यापुढं हात पसरल्यासारखं. मी समोर बघत बसलो. एवढं पाणी, आणि एका झाडाला द्यायच्या कामाचं नाही.

बुधवारी दुपारी कुंडांवर पोहोचलो. नदीच्या काठाला दगडी बांधलेले हौद, वास जरा गंधकाचा. कुणी मोटार लावलेली नाही, कुणी उपसत नाही, आणि पाणी जमिनीतनं आपलं आपण, गरम होऊन, वर येतंय. काठोकाठ भरून नदीकडं वाहून चाललंय. आमच्या गटातले दहा-बारा जण एका कुंडात उतरले. दादा गळ्यापर्यंत बसला आणि त्यानं 'हा...' असा आवाज काढला. वडील जेवण झाल्यावर काढायचे, तसाच.

मी कपडे काढले, टॉवेल गुंडाळला आणि काठावर उभा राहिलो. पाय पुढं जाईना. भीती नव्हती, गरम पाण्याचं काही नव्हतं. का थांबलोय ते माझं मलाच उमजत नव्हतं. बाकीचे आत उतरले, बाहेर आले, पुन्हा उतरले. मी आपला उभा.

"ये की बे खाली," दादा म्हणाला. "लई झ्याक वाटतंय."

"तुमचं होऊ द्या."

"काय होऊ द्या?"

माझ्या तोंडातनं निघून गेलं, "तुमची पाळी."

मग हसण्याचा जो स्फोट झाला! सेक्रेटरी तर पाण्यात बुडायचा राहिला. "काका, लाईट यायची वाट बघताव का? बारा कधीच वाजून गेले!" तिथं अंघोळीला आलेली परकी माणसंसुद्धा हसायला लागली. आणि सगळ्यात जास्त हसला तो दादा. डोळ्यांतनं पाणी येईपर्यंत.

त्यानंतर कुंडात उतरणं माझ्यानं शक्य नव्हतं. कपडे चढवले आणि बसमध्ये जाऊन बसलो. गरम पाण्याच्या गावाला जाऊन कोरडा परत आलेला मी एकटाच. त्या रात्री धर्मशाळेत आणि गुरुवारी दिवसभर बसमध्ये तेच चाललं होतं. चहाला थांबलो की कुणीतरी म्हणायचं, "थांबा रे, काकाची पाळी येऊ द्या." दादा गुडघे चोळून सांगायचा, "कसं सैल झालं बघा, वीस वर्षांचं दुखणं." त्याचा चेहरा तुकतुकीत दिसत होता. मी खिडकीतनं दुसऱ्यांच्या बागा मोजत आलो. वाळलेल्या किती, तेवढ्याच.

दिवस मावळता गावात उतरलो. घरी न जाता पिशवीसकट शेतात गेलो. पहिलं झाड बघितलं. पानं ताठ. आळ्यात हात घातला, माती ओली. दुसरं, तिसरं, दहावं. शेवटचं तिसावं झाडसुद्धा ओलं. मला काही समजेना, मंगळवारची पाळी बुडून पानं ताठ कशी? वाकलेला तसाच उभा होतो, तेवढ्यात मागनं बायको आली.

"आज आपली पाळी झाली, म्हणून ओलं हाय," ती म्हणाली.

"अन मंगळवारी?"

"मंगळवारी लाईट चारला आली. मी तर आस सोडलती. त्या लेकरानं बापाला फोन केला, म्हनला, पाळी तर आपली लागली, पर काकाची झाडं सकाळधरनं कोरडी हायती, काय करू? दादा म्हनले, काकाच्या झाडांना चालू ठेव. सगळं पाणी आपल्याकडं आलं. मंगळवारी उशिरा उपसल्यानं काल पाणी कमी साचलं, त्यांच्या दहा झाडांनाच पुरलं, वीस तशीच राहिली." मग माझी पिशवी उचलत म्हणाली, "तुमाला बोलले न्हाईत व्हय?"

नाही बोलले. समुद्राकडं तोंड करून बसले. कुंडात गळ्यापर्यंत बसले, मला हसले, गुडघे चोळले, बोर्ड वाचले, पण एवढं बोलले नाहीत.

लोकांना वाटेल, माझं मन भरून आलं असेल. आलंही असेल थोडं. पण त्याच्या वर काय आलं ते सांगतो. शाळा त्याला, चेअरमनकी त्याला, खिडकी त्याला, कुंडही त्याला. आता मोठेपणसुद्धा त्यालाच! आणि तेही न सांगता केलेलं, म्हणजे मला परतफेडीला जागा नाही. बांधापलीकडं बघितलं. त्याच्या वीस झाडांची पानं द्रोणासारखी वळलेली होती. शुक्रवारी पाळी त्याची, पण पहाटे पुतण्या छावणीत जाणार होता, आणि दादा प्रवासानं आंबलेला, उठायला आठ वाजवणार. तोवर लाईट येऊन गेली की त्या वीस झाडांची दुसरी पाळी हुकली.

शुक्रवारी सकाळी सहाला मी विहिरीवर होतो. तीस वर्षांत पहिल्यांदा, दुसऱ्याच्या पाळीला. साडेसहाला लाईट आली. चपला घालून, कोरड्या फळीवर उभा राहून स्टार्टर दाबला आणि पाणी बांधापलीकडं त्याच्या वळलेल्या वीस झाडांना आधी फिरवलं. सोळावं झाड चालू असताना मोटारीच्या आवाजानं उठलेला दादा टॉवेल खांद्यावर टाकून आला.

"आज माझी पाळी हाय बे."

"म्हाईत हाय."

"मग तू हितं कावून?"

"चालू ठेवलीय," मी म्हणालो. "बंद करू नका."

तो गेला नाही. मीही गेलो नाही. एका विहिरीवर दोघं उभे, आणि भांडण काही झालं नाही. तिसाव्या झाडापाशी पाणी आलं तेव्हा मी खोरं घेऊन पुढं झालो. त्याचं आळं माझ्या आळ्यांपेक्षा नीट बांधलेलं होतं, गोल, ताटासारखं. मी ते मोडलं आणि माझ्या हातानं परत बांधलं.