धुऱ्यावरची रिकामी जागा

"दिवंगत पत्नीच्या जुन्या फोटोवरून एकाच फिल्मवर दुहेरी एक्स्पोजर देऊन काकांनी तिला शेतात बसवले, आणि वर त्याला चमत्कार म्हटले."

आपल्या गेल्या अंकातील हे विधान आमच्या छायाचित्र मंडळाच्या अध्यक्षांचे. 'चमत्कार' हा शब्द मी एकदाही उच्चारलेला नाही. भुताखेतांच्या गोष्टींना मी जन्मभर हसत आलो, आजही हसतो. पण लबाड म्हणवून घेणार नाही!

यवतमाळच्या प्रदर्शनाचा विषय होता — 'रिकामी जागा'. इतरांनी कोरड्या विहिरी आणि मोडक्या खुर्च्या टिपल्या. माझ्या मते, कोणी येणार नाही हे ठाऊक असूनही आपण ज्याच्यासाठी सरकून बसतो, ती रिकामी जागा. कळंबजवळच्या आमच्या शेतात कापसाची वेचणी सुरू होण्याआधी सीतादही होते. पऱ्हाटीच्या, म्हणजे कापसाच्या झाडापाशी दही-भात ठेवून पूजा करतात. पूर्वी ती माझी पत्नी करी, आता सून करते. सासूला, तिच्या आत्याबाईंना, तिने कधी पाहिले नाही. तरी धुऱ्यावर, शेताच्या बांधावर बसताना शेजारी एका माणसाची जागा सोडते. मी तेच टिपले — लख्ख सकाळी, फिल्मवर.

रोल स्वतः धुतला. त्या जागेवर माझी पत्नी बसलेली होती...

सुनेला विचारले. "मामाजी, माह्या बाजूले कोनीच नोतं," ती म्हणाली. "आत्याबाई असत्या तं म्या डोक्यावर पदर नसता का घेतला?"

छायाचित्र प्रदर्शनात लागले, तसे अध्यक्ष घरी आले. भिंग लावून हनुवटीवरचे गोंदण तसबिरीशी ताडून पाहिले.

"काकूच हाय, वादच नाही. पन कबूल करून टाका ना काका! आमी काय तुमाले फाशी देऊन राह्यलो?"

"कॅमेरा धरनं तुले कोनं शिकवलं रे?"

"तुमीच."

"मंग पाहनं कायले नाही शिकला?"

दुसऱ्या दिवशी माझे छायाचित्र प्रदर्शनातून उतरवलेले होते. ज्या गावात मी उभी हयात लोकांचे चेहरे टिपले, तिथे आज माझ्या तोंडावर हसतात.

ती तिथे कशी आली, हे मला सांगता येत नाही. सांगण्याचा आव आणणारही नाही. पण अध्यक्षमहाशयांनी तो 'जुना फोटो' एकदा दाखवावाच. माझी पत्नी पस्तिशीत गेली. छायाचित्रात तिचे केस पांढरेशुभ्र आहेत.