चित्र आलं, आवाज नाही

कागलच्या एमआयडीसीतून शिफ्ट संपवून येताना धाकट्या भावाला ट्रकनं उडवलं. त्याच्या फोनचा चुरा झाला, पण आतलं मेमरी कार्ड धड निघालं. मला रडू आलं नाही. लोक यायचे, माझ्या तोंडाकडे बघायचे आणि मी त्यांना चहा द्यायचे. आत काही हलतच नव्हतं.

मी कोल्हापुरात कॉम्प्युटर क्लासमध्ये शिकवायचे. त्यामुळे कोडोलीच्या घरी क्लासमधून काढून टाकलेला एक जुना कॉम्प्युटर होता, आणि त्यातलं मला सगळं कळतं अशी घरच्यांची पक्की समजूत. कार्ड रीडरमध्ये घालून जोडलं. फोटो उघडले: कंपनीतली मशीन, आमचं रेडकू, कुणाची तरी नवी गाडी. शेवटी एक व्हिडिओ निघाला. चहाच्या टपरीपुढं बाकावर बसून तो समोर बघत काहीतरी बोलत होता, मग हसला आणि संपलं. ओठ हलत होते, आवाज नव्हता. स्पीकरच्या वायरी काढून परत लावल्या. काही उपयोग झाला नाही.

आई म्हणाली, "परत लाव."

तो गेला त्या दिवशी आई सकाळी डेअरीवर दूध घालायला गेली होती आणि तो तिला न भेटताच कामावर गेला होता. आदल्या दिवशी तो आपल्याशी शेवटचं काय बोलला, तेही तिला आठवत नव्हतं. दिवसभर ती तेच आठवत बसायची. तिला त्याचा आवाज हवा होता, बाकी काही नको होतं.

भाकरी-पिठलं घेऊन येणाऱ्या पाव्हण्यांना चहा झाला की व्हिडिओ दाखवायचा, असं होऊन बसलं. प्रत्येकाला तो वेगळंच बोलताना दिसायचा. चुलत्यांना वाटलं, ट्रॅक्टर घ्यायचा विषय काढलाय. शेजारच्या काकू म्हणाल्या, पोराला आधीच कळलं होतं, निरोप घेतोय बिचारा. चहा पिता पिता कोण निरोप घेतं? त्या सगळ्या दिवसांत मला एवढा एकच राग आला. मामी म्हणाली, तो 'आई' म्हणतोय. आईनं ते उचललं. त्यानंतर ती प्रत्येकाला सांगायची, "बगा, आता म्हणतोय."

क्लासमध्ये इंटरनेटवर शोधल्यावर उलगडा झाला. फोन आवाज ज्या पद्धतीनं साठवतो, ती आमच्या कॉम्प्युटरला कळतच नव्हती. फाइल दुसऱ्या फॉरमॅटमध्ये बदलायची, एवढंच काम. फुकटचं सॉफ्टवेअर उतरवून घेतलं आणि पोरांना एखादा धडा करून दाखवावा तशी ती फाइल बदलली, सीडीवर घेतली. तिथं ऐकली मात्र नाही, स्पीकर बंदच ठेवला. तो 'आई' म्हणाला नसला तर तिला काय सांगायचं, हे मला ठरवता येत नव्हतं. तिच्याजवळ तेवढंच उरलं होतं आणि ते मीच काढून घेणार होते.

घरी त्या वेळी दुसरं कुणी नव्हतं. आवाज लागलाय, असं मी तिला सांगितलं. ती हात पुसून आली आणि खुर्ची सोडून खाली, स्पीकरजवळ बसली. मी व्हिडिओ लावला. आधी रस्त्यावरच्या गाड्यांचा आवाज आला, कपबशा वाजल्या. फोन नवीन होता आणि तो धरून शूटिंग करणाऱ्या दोस्ताला भाऊ विचारत होता,

"आवाज येतोय का रं त्यात?"

'आई' नव्हतंच. मी तिच्याकडे बघायचं टाळलं.

"येतोय की," आई स्पीकरला म्हणाली. "बोल."

तो हसला आणि व्हिडिओ संपला. आई तशीच, कान लावून, तो पुढं काय बोलतो याची वाट बघत राहिली.