चांगलं रक्त

आतड्याला सूज आणि संडासवाटे रक्त, हे माझं जुनं दुखणं. या वेळी डॉक्टर म्हणाले, पुन्हा दुर्बीण घालण्याआधी रक्तातला एक हार्मोन बघू. तो वाढलेला निघाला तर सूज भडकली असं धरून दुर्बीण टाळता येईल, पण ही तपासणी अजून पक्की नाही. चिकलठाण्याच्या कारखान्यात रजा टाकून मी रक्त देऊन आलो आणि रिपोर्ट खराब यावा म्हणून देवाला हात जोडले. या मेल्या दुखण्याचा कुठंतरी माग लागू दे.

रिपोर्ट नॉर्मल आला. आईनं तो देवापुढं ठेवून हळदी-कुंकू वाहिलं, शेजारी पेढे वाटले. नॉर्मल म्हणजे पुन्हा दुर्बीण, हे तिला सांगायला मी तोंड उघडलं आणि पोटात कळ आली. मी संडासाकडं धावलो.

"उगी घाबरतोस," ती दाराबाहेरून म्हणाली. "रक्त लई चांगलं हाय तुजं."

मी खाली पाहिलं. ते चांगलं रक्त भांड्यात पसरत होतं. मी त्यावर बादलीभर पाणी ओतलं आणि आतूनच म्हणालो, "व्हय, आई."