पुढच्या डाव्या चाकाचा तपास

स्नेहलचं नाव आधी लिहितो. पुण्याची मुलगी, शिकलेली इंजिनिअर, वर्क व्हिसावर बर्मिंगहॅमला आलेली आणि आमच्या लेकीच्या घरापासून तीन दारं सोडून भाड्यानं राहणारी. ती नसती तर त्या आठवड्यात मी एका निरपराध माणसाला दोषी ठरवून मोकळा झालो असतो, आणि तोही घरचा जावई. बाकी कोणाचं नाव इथे लिहीत नाही. खात्यातली सवय आहे.

मी पोलिसात शिपाई-चालक म्हणून लागलो आणि सहाय्यक फौजदार म्हणून निवृत्त झालो. तपास बरेच पाहिले, काही स्वतः केले. पण कोणी एखादं प्रकरण सांगा म्हटलं, की मला हेच आठवतं, आणि ते निवृत्तीनंतरचं आहे. दोन हजार सालानंतरची गोष्ट. मी लेकीकडे राहायला आलो होतो. घरातली दोघंही सकाळी कामावर जायची आणि मी खिडकीतून समोरच्यांच्या कचऱ्याच्या बिन्स मोजत बसायचो. आयुष्यभर हुकूम ऐकलेल्या माणसाला कोणी काहीच सांगत नाही, हे फार जड जातं.

लेक नर्स. पेशंटच्या घरी जाऊन ड्रेसिंग, इंजेक्शन करायची नवी नोकरी तिला लागली होती, अजून प्रोबेशनवर. गाडीशिवाय ती नोकरी होत नाही. त्या गाडीच्या पुढच्या डाव्या चाकातून घूंऽऽ असा आवाज येऊ लागला. उजवीकडे वळवली की वाढायचा. मी ऐकलं आणि म्हटलं, "बेअरिंग गेलंय. मी बदलतो."

"आबा, गॅरेजला देऊ या की," लेक म्हणाली.

"पोलीस जीपची किती बेअरिंग बदलली असतील मी! तुझी ही डबी काय घेऊन बसलीस?"

ओळखीच्या एका पंजाबी गॅरेजवाल्याकडून बेअरिंग ओढून काढायचा पुलर उसना आणला. नवं बेअरिंग आणलं. रविवारी दिवसभर खपून बसवलं. आवाज गेला. पण गाडी दोन घरं पुढे गेली नाही तोच समोर पिवळा दिवा लागला, एबीएसचा. म्हणजे जोरात ब्रेक दाबल्यावर चाक जाम होऊ नये म्हणून जी यंत्रणा असते, ती बंद. आणि शुक्रवारी एमओटी, गाडीची वार्षिक तपासणी. तो दिवा लागलेला असला की गाडी नापास. सोमवारपासून लेक बसनं जाऊ लागली. दोन पेशंटकडे उशीर झाला. तिच्या वरिष्ठ बाईंनी सांगितलं, पुढच्या आठवड्यात गाडी नसेल तर तुझी राउंड दुसरीला द्यावी लागेल.

आता मी घाबरलो. पण घाबरलेला पोलीस काय करतो? तपास सुरू करतो.

जावयांकडे गाडीतल्या बिघाडाचे कोड वाचायचं एक छोटं यंत्र होतं. ते लावलं. फिर्याद स्पष्ट होती: पुढच्या डाव्या चाकाच्या सेन्सरकडून सिग्नल नाही. हा सेन्सर चाकाशेजारी बसून चाक किती वेगानं फिरतंय ते सांगतो. पहिला संशयित तोच. काढला, पुसला, परत लावला. दिवा तसाच. नवीन आणून लावला. दिवा तसाच. मग वायर. मीटर लावून इंच न इंच तपासली, कुठे तुटलेली नाही.

तेवढ्यात माझं लक्ष चाकाच्या रिमकडे गेलं. कडेला ओरखडा होता, ताजा वाटला.

पोलीस ठाण्यात असं काही सापडलं की बरं वाटतं. मंगळवारी संध्याकाळी जावई कामावरून आले, मी चहाचा कप त्यांच्या हातात दिला आणि समोर बसलो.

"गाडी शेवटची कोणी चालवली होती?"

"शनिवारी मीच. टेस्कोला सामान आणायला गेलो होतो."

"कर्बला, फुटपाथच्या कडेला घासली?"

"नाही बाबा."

"रिमवर खूण आहे. दणका बसला असेल, आत काहीतरी हललं असेल. माणूस विसरतो कधी कधी."

"बाबा, तो स्क्रॅच जुना आहे. आणि घासली असती तर सांगितलं नसतं का? तुम्ही काय रागावणार होतात?"

अर्ध्या तासानं पुन्हा विचारलं. ते म्हणाले, "मागच्या विंटरपासून आहे तो, तिला विचारा." जेवताना आणखी एकदा विचारलं, तेव्हा "गेल्या थंडीतलाच आहे तो, किती वेळा सांगू?" म्हणून ते ताटावरून उठले. लेक माझ्याकडे बघत राहिली. आमच्याकडे जावयाला पाटावर बसवतात, मी त्यांना आरोपीच्या जागी बसवलं होतं.

एक गोष्ट मला नोकरीनं शिकवली होती. पाठ केलेला जबाब दर वेळी त्याच शब्दांत येतो. खरं बोलणारा शब्द बदलतो, गोष्ट बदलत नाही. जावयांनी तीन वेळा वेगळ्या शब्दांत एकच गोष्ट सांगितली होती. हे मला तेव्हाच कळलं होतं. तरी मी कानाआड केलं, कारण मला कोणीतरी दुसरा गुन्हेगार हवा होता.

बुधवारी दुपारी स्नेहल डबा परत द्यायला आली. मी घरासमोरच्या ड्राइव्हवर चाक काढून बसलेलो.

"काका, अजून इथेच? आता चौकीच थाटा ना बाहेर."

मी सगळी हकीकत सांगितली. सेन्सर, वायर, ओरखडा, सगळं. ती डबा हातात धरून उकिडवी बसली.

"म्हणजे दिवा बेअरिंग बदलल्यानंतर लागला?"

"हो."

"आधी नव्हता?"

"नव्हता."

"मग बेअरिंग कोणी बसवलं?"

"मी."

"तुमचा जबाब घेतला का कोणी?"

ती हसत नव्हती, खरंच विचारत होती.

"जुनं बेअरिंग टाकलंत का?"

"मुद्देमाल टाकतात होय?" मी आतून प्लास्टिकची पिशवी आणली. वर चिठ्ठी लावलेली होती, तारीख, वार, कुठून काढलं. ती बघून मात्र तिला हसू आवरेना.

तिनं पर्समधल्या कागदांची एक पिन काढली. साधी यू-पिन. जुन्या बेअरिंगच्या एका बाजूला टेकवली, पडली. दुसरी बाजू वर केली, टेकवली. चिकटून राहिली.

"बघा काका. एका बाजूच्या सीलमध्ये बारीक मॅग्नेट असतात. दिसायला नुसतं काळं रबर. सेन्सर तेच वाचतो. ही बाजू आत, सेन्सरकडे हवी. तुमच्या जीपच्या बेअरिंगला असं काही नसेल."

नव्हतं. जीपच्या बेअरिंगमध्ये हातानं ग्रीस भरायचं आणि बसवायचं. तिथे बघावं लागायचं ते निमुळत्या बाजूकडे, रबराच्या रंगाकडे नाही. मी रविवारी कुठली बाजू आत गेली ते पाहिलंच नव्हतं. खात्री करायला तिनं सेन्सरच्या भोकातून पिनेचं टोक आत घातलं. डाव्या चाकाला काहीच ओढ नाही. उजव्या चाकाचा सेन्सर काढून तेच केलं, तर टोक हळूच आत खेचलं गेलं. साक्षीदार मुका नव्हता. मीच त्याला पाठमोरा उभा केला होता.

"बॉक्समध्ये कागद नव्हता का?" तिनं विचारलं.

होता. घडी करून माझ्या शर्टाच्या खिशात होता. मी तो काढला आणि हातात धरून राहिलो. शेवटी सांगितलं. नववीत शाळा सुटली. मराठीत पंचनामे लिहिले, वरिष्ठांनी अक्षराचं कौतुक केलं. पण इंग्रजीची ओळ समोर आली की घाम फुटतो. लेकीला वाचून दे म्हणायची लाज वाटली, आणि "मी बदलतो" असं तोंडभर म्हणून झालेलं होतं.

वाटलं, आता ही काय म्हणेल. ती कागद उलगडून म्हणाली, "काका, चित्र तरी बघायचं होतं." आणि तिथेच बसून सगळा कागद मला मराठीत वाचून दाखवला, अगदी शेवटच्या ओळीपर्यंत. त्यात ठळक अक्षरात तेच लिहिलं होतं.

एकदा बसवलेलं असं बेअरिंग काढलं की बाद होतं, म्हणून गुरुवारी सकाळी दुसरं आणलं. दोन्ही बाजूंना पिन लावून पाहिली. स्नेहल कामावर जाण्याआधी येऊन उभी राहिली. "आत, आत, बरोबर," एवढंच म्हणाली. दुपारी चाक लावलं, कोड पुसला, गाडी काढली. दोन घरं गेली. चार गेली. कोपऱ्यावरचं चर्च आलं. दिवा लागला नाही. मी गाडी बाजूला घेतली आणि पाच मिनिटं नुसता बसलो.

शुक्रवारी गाडी पास झाली. सोमवारी लेक आपल्या राउंडला गेली.

पण त्याआधी, गुरुवारी संध्याकाळी, जावई दारातून आत आले तेव्हा मी उठून उभा राहिलो. म्हटलं, "जावईबापू, चूक माझी. ओरखडा जुना होता. बेअरिंग मी उलटं बसवलं." ते बूट काढता काढता थांबले. मग म्हणाले, "बाबा, निर्दोष सुटलो म्हणायचं का?" आणि हसले. लेकीनं स्वयंपाकघरातून विचारलं, "कोण हसतंय?" तिला कळेना काय झालं ते. त्या रात्री आम्ही तिघं एकत्र जेवलो.

या प्रकरणानं मला जे शिकवलं ते नोकरीत शिकलो असतो तर बरं झालं असतं. घटनास्थळी सगळ्यात शेवटी जो हात लावून गेला त्याला आधी विचारा, आणि तो तुम्ही असाल तर स्वतःला विचारा. ठाण्यात आम्ही फिर्यादीवर फार लवकर विश्वास ठेवायचो, आणि फिर्यादी आपणच असलो तर शंका घेणारं कोणी उरतच नाही. दुसरं म्हणजे, जे येत नाही ते येत नाही म्हणून सांगायचं. मी ते रविवारीच सांगितलं असतं, तर एक माणूस ताटावरून उठला नसता.

स्नेहल पुढे एडिनबराला नवीन नोकरीवर गेली. निघताना मी तिला काहीतरी द्यायला बघितलं तर म्हणाली, "काका, पिन तर होती माझी!" आणि काहीच घेतलं नाही. माझ्यासारख्या नववीपर्यंत शिकलेल्या माणसाला तिनं कमीपणा न आणता एक पान वाचून दाखवलं, हे ती कदाचित विसरलीही असेल. मी विसरलेलो नाही. तिची गाडी असो, घर असो, पुण्यातल्या तिच्या आईवडिलांचं काही असो, ज्या दिवशी तिचा फोन येईल त्या दिवशी मी कारण न विचारता निघेन. तिनं केलं ते मी कधीतरी फेडणार, हे इथे लिहून, खाली सही करून ठेवतो.