उपाशीपोटी बोलावलेला आचारी

आमचा मामा कारखान्याच्या कँटीनमध्ये आचारी आहे. मोठमोठी पातेली उचलून उचलून त्याला हर्निया झाला. ऑपरेशन तसं किरकोळ, सकाळी जायचं आणि संध्याकाळी घरी; पण नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्नं. कधी कँटीनला पाहुणे, कधी मदतनीस बाईंचा गुडघा, कधी याची सर्दी. सर्दीही इतकी आज्ञाधारक, की तारीख टळली की लगेच बरी. शेवटी त्याची मुलगी, म्हणजे आमची ताई, साहेबाच्या विनवण्या करून रजा घेऊन परगावाहून आली, तेव्हा मामाचा नाइलाज झाला.

ती आल्यापासून तो ओशाळलेलाच होता. "माझ्यापायी तुझी रजा गेली गं," हेच पालुपद. रात्रीच्या जेवणानंतर पोटात काही जाऊ द्यायचं नाही, असं डॉक्टरांनी बजावलेलं. ताईनं त्याच्या उशाजवळची पाण्याची बाटलीसुद्धा उचलून नेली.

सकाळी निघताना मामा म्हणाला, "वाटेत कँटीनवर थांबू जरा. बाईंवर सगळं टाकून चाललोय, जिवाला बरं वाटत नाही." ताई आणि मी गाडीतच बसलो. आत काय घडलं ते मला नंतर कळलं, पण इथेच सांगून टाकते. शेगडीवर बटाट्याची भाजी उकळत होती. मामानं पळीनं तळहातावर रस्सा घेतला, चाटला, बाईंना मीठ घालायला सांगितलं, पुन्हा चाटला, आणि शिजलाय का बघायला बटाट्याची एक फोड चावून गिळली. बाई ओरडल्या, "अहो, आज काही खायचं नाही ना तुम्हाला?" तेव्हा कुठे त्याच्या ध्यानात आलं.

गाडीत येऊन बसला तो मूग गिळून. मला वाटलं, घाबरलाय बिचारा.

हॉस्पिटलात त्याला मागून बांधायचा गाऊन घातला. नर्सनं विचारलं, "रात्रीपासून काही खाल्लंप्यायलं?"

"पाण्याचा थेंब नाही," ताईच म्हणाली. "मी स्वतः राखण केलीय."

नर्स बाहेर वळणार तोच मामा म्हणाला, "सिस्टर, भाजी खाल्ली मी. चव बघताना."

भूल दिल्यावर उलटी होऊन ती श्वासनलिकेत गेली तर जिवावर बेतेल, असं नर्सनं शांतपणे समजावलं, आणि त्याला पुढच्या आठवड्यातली वेळ देऊन ती गेली.

"मुद्दाम केलंत ना, बाबा?" ताईनं विचारलं.

"नाही गं. हात सवयीनं गेला."

"दर वेळी काहीतरी काढता! मी काय वेडी म्हणून आले?"

"मुद्दाम नाही केलं, खरंच." मामा खाली बघत राहिला. "पण फोड गिळल्यावर कळलं, की आज काही होत नाही, आणि मला बरं वाटलं, पोरी. तू एवढ्या लांबून आलीस, आणि मला सुटल्यासारखं वाटलं. मग तुझ्या तोंडाकडे बघून सांगायला जीभ उचलेना. मुद्दाम केलं असतं ते परवडलं."

ताई त्याच्या पाठीमागे उभी राहून गाऊनच्या गाठी सोडत होती. तिचे हात थांबले. दुसऱ्या दिवशी तिला कामावर हजर व्हायचं होतं, आणि पुन्हा रजा मिळणार नव्हती.

"भीती वाटते, एवढंच म्हणायचं होतं ना," ती म्हणाली. "मी काय हसले असते?"

"वाटते गं," मामा म्हणाला. "फार वाटते."

ती पुढच्या आठवड्यात नसणार, हे दोघांनाही माहीत होतं.