आमच्या अंगणातल्या गारा आणि बाल्कनीतले शेजारी

मंडळी, हाताची बोटं अजून बधिर आहेत, पण लिहिल्याशिवाय राहवत नाहीये.

आज सकाळी लखनौमध्ये जोरदार गारपीट झाली. आम्ही इथल्या महानगर नावाच्या कॉलनीत तळमजल्यावर राहतो. नवरा रेल्वेत इंजिनीअर, कामासाठी बाहेरगावी गेलाय. घरी मी आणि अर्धांगवायूमुळे अंथरुणाला खिळलेले सासरे, म्हणजे बाबा.

पत्र्यावरून घसरलेल्या गारा अंगणात गुडघाभर साठल्या. नाली तुंबली आणि बर्फाचं पाणी बाबांच्या खोलीत शिरायला लागलं. मी घमेलं घेऊन गारा उपसायला धावले.

वरच्या बाल्कनीत शेजारी उभे होते. मी ओरडले, "भैया, ज़रा नीचे आइए, बाबूजी के कमरे में पानी जा रहा है!"

"हाँ भाभीजी, बस एक मिनट." हातात मोबाईल होता. मग म्हणाले, "आप थोड़ा साइड हो जाइए, बर्फ़ ठीक से दिख नहीं रही."

मी हलले नाही. तासभर एकटीच उपसत राहिले. नाली मोकळी झाली तोवर बाबांच्या खाटेखाली घोट्यापर्यंत पाणी होतं आणि ते कुडकुडत होते.

दुपारी कॉलनीच्या ग्रुपवर व्हिडिओ आला, 'महानगर में शिमला!' त्यात वाकून गारा भरणारी मी आहे. खाली सगळ्यांचे हसरे इमोजी.

आत्ता चहा पाजताना बाबांनी अडखळत विचारलं, "मदतीला कोणी आलं होतं का गं?"

"हो बाबा, सगळे आले होते," मी म्हणाले.

खोटं बोलल्याची लाज मलाच वाटतेय. तुम्ही काय सांगितलं असतं?