कोरी भिंत

एका प्राचीन चिनी कवीबद्दल कधीतरी वाचलं होतं. तो सरकारी अधिकारी होता आणि त्याच्या सतत दूरदूर बदल्या व्हायच्या. त्याचा जिवलग मित्रही कवी, तोही असाच फिरतीवर. वाटेतल्या सरकारी धर्मशाळेत पोचला की हा घोड्यावरून उतरून आधी भिंती न्याहाळायचा, खांबांभोवती फिरायचा. मित्र त्याच वाटेनं गेला असेल, तर त्यानं चार ओळी लिहून ठेवल्या असणार.

पाटबंधारे खात्यात फिरतीची नोकरी लागल्यावर मी आणि माझा तिथलाच मित्र सदानंदनं हे वेड उचललं. कविता काही आम्हाला जमली नाही. विश्रामगृहाच्या खिडकीशेजारी पेन्सिलीनं 'इथला चहा पिऊ नकोस' एवढंच लिहायचो. फोनवर बोलणं व्हायचं, पण ते बदल्यांचं आणि गुडघ्यांचं. भिंतीवर मात्र तो मला भेटायचा.

परवा धरणावरच्या विश्रामगृहात बॅग खाली न ठेवताच खिडकीपाशी गेलो. भिंत पांढरीशुभ्र होती.

"सगळं रंगवून घेतलं, साहेब," खानसामा कौतुकानं म्हणाला. "लोकांनी काय काय लिहून ठेवलं होतं."

त्या कवीलाही एखादी अशी भिंत लागली असेल, पावसानं धुतलेली. तरी तो किती वेळ तिच्यापुढे उभा राहिला असेल.

"मागच्या महिन्यात एक साहेब आले होते," खानसामा म्हणाला. "उंच, जाड चष्मा. तेही असेच इथं बघत उभे होते."

"मग काही लिहिलं त्यांनी?"

"पेन्सिल काढली होती. पण रंग ओला होता, साहेब."